तीन महिन्यांचा संसार आणि पोटगीचा हक्क

संगमनेर तालुक्यात हिवरगाव पावसा इथं देवगडचं देवस्थान आहे. 10 फेब्रुवारी 2005 रोजी तिथं एक लग्न लागलं. नवरी घटस्फोटित, स्थळ मध्यस्थांमार्फत आलेलं. तीन महिने संसार नीट चालला. मग एक बाई घरी आली आणि म्हणाली, याची बायको मी आहे. नवऱ्यानं नव्या बायकोला सुनावलं, राहायचं तर मुकाट राहा, नाहीतर माहेरी जा. ती गरोदर होती. काही काळ तिनं सोसलं. दारू, छळ आणि पोटातल्या मुलावरून संशय असह्य झाल्यावर माहेर गाठलं. नोव्हेंबरात मुलगी झाली.

शेजारच्या राहुरी तालुक्यात अशी गोष्ट निघाली की मध्यस्थांच्या बैठकीतला पहिला प्रश्न ठरलेला असतो: "नांदली किती दिवस?" जणू पोटगी म्हणजे ग्रॅच्युइटी, पाच वर्षं भरल्याशिवाय मिळायची नाही!

कायद्यात अशी अट नाही. कोर्टात ज्याला आजही 'एकशे पंचवीस' म्हणतात, ते पोटगीचं कलम 1 जुलै 2024 पासून भारतीय नागरिक सुरक्षा संहितेत 144 झालं आहे. पत्नीला स्वतःचा निर्वाह करता येतो का, नवऱ्याची ऐपत आहे का आणि ऐपत असून तो टाळतो का, एवढंच ते विचारतं. सबळ कारणाशिवाय नांदायला नकार, व्यभिचारात राहणं किंवा परस्परसंमतीनं वेगळं राहणं, यांनी मात्र हक्क जातो. बैठकीत स्टॅम्पपेपरवर 'दोघं राजीखुशीनं वेगळे' असं लिहून घेणारे मध्यस्थ पुढं हाच कागद नवऱ्याच्या वकिलाच्या हाती देतात, हे मुलीच्या बापाला फार उशिरा कळतं.

देवगडच्या या संसाराहून छोटा संसारही सर्वोच्च न्यायालयात गेला होता. यमुनाबाई खटल्यातली पत्नी 1974 साली लग्न होऊन सासरी आठवडाभर राहिली. तिची मागणी जानेवारी 1988 मध्ये फेटाळली गेली, पण आठवड्याचा संसार हे त्याचं कारण नव्हतं. नवऱ्याची पहिली बायको हयात होती, म्हणून दुसरं लग्नच कायद्यानं शून्य ठरलं. पहिल्या लग्नाची आपल्याला कल्पना नव्हती, हे तिचं म्हणणंही उपयोगी पडलं नाही. फसवणाऱ्याचा खिसा वाचला, फसलेली रिकाम्या हातानं परतली. योगायोग असा की त्याच 1988 साली संगमनेरात ॲड. निशा शिवूरकर आणि समता आंदोलनाच्या कार्यकर्त्यांनी परित्यक्तांची परिषद भरवली. टाकलेल्या बायकांचा प्रश्न घरातून मांडवात आला.

देवगडच्या लग्नातल्या नवऱ्यानं यमुनाबाई खटल्याचाच आधार घेतला. खालच्या न्यायालयानं पत्नीला महिना 1000 आणि मुलीला 500 रुपये दिले होते. तेवढ्यासाठी तो उच्च न्यायालयात हरून दिल्लीपर्यंत गेला. 18 ऑक्टोबर 2013 रोजी न्यायमूर्ती रंजना देसाई आणि ए. के. सिक्री यांच्या पीठानं त्याला परत पाठवलं. पहिलं लग्न लपवून दुसरं करणाऱ्याला स्वतःच्याच लबाडीचा फायदा घेता येणार नाही, पोटगीपुरती ती पत्नीच, असा तो निकाल. लग्नापासून निकालापर्यंत साडेआठ वर्षं लोटली होती.

मग संसाराच्या लांबीला काहीच मोल नाही? आहे, पण वेगळ्या जागी. हिंदू विवाह कायद्याच्या कलम 25 खाली कायमची पोटगी मागता येते, नवऱ्यालाही. नागपूरच्या कुटुंब न्यायालयातून निघालेल्या राजनेश विरुद्ध नेहा खटल्यात 4 नोव्हेंबर 2020 रोजी सर्वोच्च न्यायालयानं म्हटलं की हल्ली अनेक लग्नं फार टिकत नाहीत. अशा वेळी आयुष्यभराचा बोजा अन्यायाचा होऊ शकतो, म्हणून कायमची रक्कम ठरवताना लग्नाचा काळ बघावा. थोडक्यात, छोट्या संसारानं रक्कम घटू शकते, दाद मागण्याचा दरवाजा बंद होत नाही.

राहुरीसारख्या उसाच्या तालुक्याला त्या निकालातला आणखी एक भाग फार कामाचा आहे. दोघांनीही मालमत्तेचं प्रतिज्ञापत्र द्यायचं, आणि शेतकरी कुटुंबांसाठी त्याचा वेगळा नमुना आहे. जमीन किती, बागायत की जिरायत, पिकं कोणती, मागच्या तीन वर्षांचं उत्पन्न, गाई-म्हशी, शेळ्या, कोंबड्या, जमिनीवरचं कर्ज, सारं त्यात लिहावं लागतं. 'शेतीत काय उरतंय साहेब' एवढ्यावर आता भागत नाही. रक्कम अर्जाच्या तारखेपासून धरायची, हेही तिथंच ठरलं. अर्ज बाई राहते त्या ठिकाणच्या कोर्टात करता येतो. थकलेल्या पोटगीच्या वसुलीचा अर्ज मात्र ती देय झाल्यापासून वर्षाच्या आत द्यावा लागतो.