परिचर्या-शिक्षण : निरीक्षणापासून संशोधनापर्यंत



संशोधन म्हटले की प्रयोगशाळा डोळ्यांसमोर उभी राहते. परिचर्येतील संशोधनाचा आरंभ मात्र बहुधा रुग्णाच्या अंथरुणाशीच होतो. शय्याव्रणांचेच पाहा. अंथरुणाला खिळलेल्या वृद्धाच्या माकडहाडावर, खुब्यावर, टाचांवर दाबाने जखमा होतात. एके काळी परिचारिकांना शिकवले जाई, की कातडीला स्पिरिट चोळा, मलम लावा, पावडर लावा. हे सारे निष्ठेने चालले. त्याचा उपयोग किती, हे मोजून पाहण्याची तसदी क्वचितच कुणी घेतली.

डोरीन नॉर्टन या इंग्रज परिचारिकेने ती घेतली. वृद्ध रुग्णांच्या काटेकोर नोंदींवर आधारलेला, सहकाऱ्यांसह केलेला त्यांचा अभ्यास १९६२ मध्ये प्रसिद्ध झाला. चोळण्या-माखण्याने नव्हे, तर वेळोवेळी कूस बदलून दाब हलका केल्याने जखमा टळतात, असे त्यातून पुढे आले. शारीरिक प्रकृती, मानसिक अवस्था, हिंडणे-फिरणे, अंग हलविण्याची क्षमता आणि मलमूत्रावरील ताबा या पाच बाबींना प्रत्येकी १ ते ४ गुण देणारी मोजपट्टीही त्यातूनच लाभली. २० पैकी १४ किंवा त्याहून कमी गुण भरले, तर धोका समजावा. नवशिक्या विद्यार्थिनीलाही हा हिशेब जमतो. हाडांच्या उंचवट्यावर जोराने चोळणे आज अपायकारक मानले जाते. अनेक घरांत मात्र ते अजूनही मायेने केले जाते!

पुढे शिक्षणाचाही हिशेब मांडला गेला. अमेरिकेत लिंडा एकेन व सहकाऱ्यांनी पेनसिल्व्हेनियातील १६८ रुग्णालये अभ्यासली. २००३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात, पदवीधर परिचारिकांचे प्रमाण १० टक्क्यांनी अधिक असता शस्त्रक्रियेनंतर ३० दिवसांत मृत्यूची शक्यता ५ टक्क्यांनी कमी आढळली. पदवी हेच एकमेव कारण, असे यावरून सिद्ध होत नाही. तरीही दोन पेढ्यांच्या वह्यांत एवढा फरक दिसला, तर कोणताही सावध व्यापारी त्याच्या मुळाशी जाईल.

आपल्याकडे बी.एस्सी. नर्सिंगच्या अभ्यासक्रमात संशोधन व संख्याशास्त्र हा विषय आहे, प्रकल्पही आहे. तो बांधून कपाटातच जाणार असेल, तर बाइंडिंगचा खर्च तेवढा पदरी पडतो. त्याऐवजी एकच वॉर्ड घ्यावा. ठरल्या वेळी कूस बदलली का, नसल्यास का नाही, नव्या जखमा किती, एवढेच सहा महिने नोंदवावे. पुढच्या तुकडीला शिकविताना त्याच रुग्णालयाचा पुरावा हाती राहील. विद्यार्थिनींना शिष्यवृत्ती देणाऱ्या संस्थांनी शुल्काबरोबर अशा नोंदी तपासणाऱ्या जाणत्या शिक्षिकेच्या मानधनाचीही तरतूद करावी.