फळा कोणाचा?

(जिल्हा मेळाव्यातील भाषण)



मागच्या बैठकीला एक आजोबा आम्हाला म्हणाले, "भाऊ, बैठकीचा निरोप मोबाईलच्या ग्रुपवर टाकला म्हणता. माझ्याजवळ साधा फोन. मग मी संघटनेत आहे का नाही?" आमच्यापाशी उत्तर नव्हते. ग्रुपवर टाकले म्हणजे गावाला कळले, असे आम्ही धरून चाललो होतो. चूक आमची. आज तिचाच हिशेब मांडायचा आहे.

संगणक, मोबाईल जाणणारी माणसे आणि बाकीची साधी माणसे ह्या दोन वेगळ्या जाती आहेत काय? सांगण्यासारखा इतिहास आहे.

अमेरिकेत ड्यूक विद्यापीठातील टॉम ट्रस्कॉट आणि जिम एलिस ह्या दोन विद्यार्थ्यांना १९७९ साली एक कल्पना सुचली. १९८० मध्ये ती चालू झाली. तिचे नाव युजनेट. चावडीवर फळा असतो ना, तसा हा संगणकावरचा फळा. एक संगणक टेलिफोनवरून दुसऱ्याला मजकूर द्यायचा, दुसरा तिसऱ्याला. त्या काळी तिथे पोचायचे तर विद्यापीठात किंवा मोठ्या कंपनीत जागा हवी आणि यंत्राला हुकूम देता यायला हवेत. साहजिकच फळ्यावर जमले ते बहुतेक तंत्र जाणणारे. त्यांनी कामही मोठे केले. ऑगस्ट १९९१ मध्ये फिनलंडचा विद्यार्थी लिनस टोरवाल्ड्स ह्याने आपण नवी संगणक प्रणाली लिहीत असल्याचे ह्याच फळ्यावर कळवले. तीच लिनक्स. तुमच्या खिशातल्या अँड्रॉइड फोनचा गाभा तोच आहे.

दर सप्टेंबरला विद्यापीठांत नवी मुले येत. फळ्यावर काहीबाही लिहीत. जुने लोक कान उपटीत, रीत शिकवीत. थोड्या दिवसांत नवे रुळत. पण १९९३-९४ च्या सुमारास खासगी कंपन्यांनी घरोघरच्या गिऱ्हाइकांना दार उघडून दिले. लोंढा थांबेचना. जुने वैतागले आणि त्यांनी नाव ठेवले, "न संपणारा सप्टेंबर".

ह्यात एक गोष्ट नीट पाहा. आलेल्या माणसांना यंत्र चालवता येत होते, कारण ते सोपे झाले होते. येत नव्हती ती फळ्याची रीत. आधी वाचावे, मग लिहावे. खात्री करून सांगावे. ती शिकवायला माणसे कमी पडली.

आता फ्रान्सकडे या. तिथल्या सरकारी टेलिफोन खात्याने १९८२ पासून मिनिटेल नावाचे छोटे यंत्र देशभर दिले. पडदा आणि कळा, बस्स. फोन असलेल्या घराला ते फुकट मिळे. गृहिणी, दुकानदार, म्हातारेकोतारे, सगळे वापरू लागले. ब्रिटनी भागातले दूध उत्पादक शेतकरी गाईगुरांच्या कामासाठी ते वापरीत. ३० जून २०१२ ला ते बंद झाले. तिथल्या शेतकऱ्याने कुठे संगणकाची पदवी घेतली होती? उंबरा ठेंगणा केला, माणसे आत आली.

आमचेच सांगतो. कृषीची पदवी घेऊन आम्ही गावात आलो तेव्हा हेक्टरी किलो नत्र बोलत होतो. तुम्ही विचारीत होता, एकरी पोती किती? आम्हाला वाटे, ह्यांना कळत नाही. खरे तर मापच वेगळे होते.

२०१७ साली गुलाबी बोंडअळीने कपाशी खाल्ली, ते कोणी विसरलेले नाही. तेव्हा एका बाईने बांधावर आम्हाला डोमकळी दाखवली. पाकळ्या मिटलेल्या, आत अळी. कामगंध सापळ्यातले पतंग आम्ही मोजायच्या आधी तिने ओळखले होते. पण ग्रुपवर तिचा शब्द नव्हता, कारण तिला लिहिता येत नाही. आज ती आवाज भरून पाठवते आणि दहा गावे ऐकतात. बाई तीच, ज्ञान तेच. बदलला तो उंबरा.

आणि उंबरा उंच राहिला तर नुकसान रोख असते. १५ ऑगस्ट २०२१ पासून आपल्या राज्यात ई-पीक पाहणी आली. पेऱ्याची नोंद शेतकऱ्याने फोनवर करायची. २०२५-२६ च्या हंगामात सीसीआयने हमीभावाच्या खरेदीसाठी कपास किसान ॲपवर नोंदणी मागितली. कापूस पिकवता येतो, पण नोंदणी जमत नाही, म्हणून तो हमीभावाखाली व्यापाऱ्याला घालायचा काय?

म्हणून तीन गोष्टी ठरवून उठू. एक, ग्रुपवर गेलेला प्रत्येक निरोप त्याच दिवशी चावडीच्या फळ्यावर लिहायचा आणि बाजाराच्या दिवशी वाचून दाखवायचा. दोन, प्रत्येक गावात दोन पोरांनी, त्यात एक मुलगी, लोकांच्या नोंदण्या फुकट करून द्यायच्या आणि करताना शेजारी बसवून शिकवायच्या. तीन, औषधाचा, भावाचा निरोप आला तर कोणी पाहिले, कुठे पाहिले, हे विचारल्याशिवाय पुढे ढकलायचा नाही.

फोन चालवणारी पोरे आपलीच आहेत, त्यांचा आम्हाला अभिमान आहे. पण पोरांनो, दार तुम्हाला उघडता येते म्हणून घर तुमच्या एकट्याचे होत नाही. पुढच्या बैठकीला ते आजोबा येतील. निरोप वेळेवर मिळाला का, हे पहिल्यांदा त्यांनाच विचारू.