रूपककथेतील प्रतीक आणि बोध



रूपककथेविषयी एक समज रूढ आहे. वरचे आवरण दूर केले की आत बोध सापडतो, आणि बोध हाती आला की कथेचे काम संपते, असा तो समज. पंचतंत्रातील पुष्कळ कथांना तो लागूही पडतो; तेथे नीतिवचन श्लोकरूपाने स्पष्टच सांगितलेले असते. रवींद्रनाथ ठाकुरांची ‘तोताकाहिनी’ ही १९१८ सालची बंगाली कथा मात्र या समजाला दाद देत नाही.

गाणाऱ्या, उडणाऱ्या, पण शास्त्र न जाणणाऱ्या एका पाखराला शिक्षण देण्याची आज्ञा राजा देतो. राजाचे भाचे कामाला लागतात. सोन्याचा पिंजरा घडतो, पोथ्यांच्या नकलांचे डोंगर उभे राहतात, दाण्यापाण्याऐवजी पोथ्यांची पाने चोचीत कोंबली जातात. पुढे पंखही छाटले जातात. पाखरू मरते. राजा त्याला दाबून पाहतो, तेव्हा पोटात कोरड्या पानांची सळसळ तेवढी होते.

घोकंपट्टी वाईट, एवढाच बोध काढणे सोपे आहे. परंतु प्रतीकांची योजना पाहावी. पिंजरा लोखंडाचा नाही, सोन्याचा आहे. तो पाहायला दूरदूरचे लोक येतात. सोनार, लेखनिक, पंडित, भाचे यांपैकी कोणीही पाखराचा वैरी नाही. प्रत्येकजण नेमलेले काम करतो आणि त्या कामावर संपन्न होतो. दुष्ट पात्रावाचून अनर्थ घडतो, हेच या कथेचे खरे दुखणे होय.

राजा शिक्षणाचा थाट पाहून संतुष्ट होऊन परततो. तेव्हा झुडपाआड लपलेला निंदक विचारतो, की महाराजांनी पाखरू पाहिले काय? या प्रश्नाने वाचकही चपापतो, कारण तोवर त्याचीही दृष्टी पिंजऱ्यावरच खिळलेली असते. येथे बोध सांगितला जात नाही. तो वाचकाच्या बाबतीत घडतो.

रवींद्रनाथ स्वतः १९०१ पासून शांतिनिकेतनात शाळा चालवीत होते, आणि १९१८ च्याच डिसेंबरात विश्वभारतीची पायाभरणी झाली. म्हणजे संस्था उभारणाऱ्यानेच हा प्रश्न विचारला आहे. शाळा असो, इस्पितळ असो वा अनाथाश्रम, ज्याच्यासाठी व्यवस्था उभी राहिली तोच तिच्यात दिसेनासा होतो, तेथे तेथे तो निंदक झुडपाआड उभा असतो. त्याला शासन करणे राजाला जमले. उत्तर देणे जमले नाही.