मागचे ब्रेक धरतात? आधी निदान, मग पान्हा

(शेतकरी मेळाव्यात दिलेले व्याख्यान)



पिकांविषयी बोलणारा माणूस आज गाडीच्या ब्रेकविषयी बोलणार, याचे आपल्याला नवल वाटेल. मी कृषिविद्या शिकवतो, मिस्त्री नाही. पण आज गावोगावी माल बाजारात नेण्यासाठी पिक-अप गाड्या आल्या आहेत. वर्षभर राबून पिकवलेला माल आणि तो नेणारा घरचा माणूस, दोघेही त्या गाडीच्या चार चाकांवर असतात. म्हणून हा विषय शेतीबाहेरचा आहे असे मी मानत नाही.

या विषयाकडे मी वळलो तो घरच्याच एका प्रसंगामुळे. माझा धाकटा भाऊ पिक-अप चालवतो. एका पावसाळ्यात गाडीच्या मागच्या डाव्या चाकातून जळका वास येऊ लागला. चाक हाताने फिरेना. गॅरेजमध्ये नेल्यावर तेथे दोन्ही मागच्या चाकांचे ॲडजस्टर सैल करून दिले. चाके भिंगरीसारखी फिरू लागली, काम झाले असे सर्वांना वाटले. दुसऱ्या रात्री तो ओतूरहून टोमॅटोचे क्रेट भरून वाशीच्या बाजाराकडे निघाला. माळशेज घाट उतरताना ब्रेकचे पेडल निम्म्याहून अधिक खाली जाऊ लागले. मागचे ब्रेक जवळजवळ लागतच नव्हते, सारा भार पुढच्या ब्रेकवर आला आणि तेही तापले. त्याने वेळीच दुसरा गिअर टाकला आणि गाडी डोंगराच्या बाजूला घेऊन थांबवली, म्हणून निभावले. नंतर तपासले तेव्हा मूळ दोष निघाला हॅण्डब्रेकच्या गंजलेल्या केबलमध्ये. ॲडजस्टरचा त्यात काहीच दोष नव्हता.

पान पिवळे पडले की लगेच युरिया टाकू नका, असे आम्ही नेहमी सांगतो. खालची जुनी पाने पिवळी असतील तर नत्राची कमतरता, शेंड्याची कोवळी पाने पिवळी असतील तर लोहाची. ब्रेकचेही तसेच आहे. चाक जाम होणे हे लक्षण आहे, रोग दुसरीकडे असतो.

ड्रम ब्रेक चालतो कसा?

चाकाबरोबर फिरणारा ओतीव लोखंडाचा ड्रम असतो. त्याच्या आत दोन अर्धगोल शू असतात व त्यांवर लायनर बसवलेले असतात. पेडल दाबले की मास्टर सिलिंडरमधून ब्रेक ऑईलचा दाब नळीवाटे चाकातील व्हील सिलिंडरपर्यंत येतो. त्यातील पिस्टन शूंना बाहेर ढकलतात आणि लायनर ड्रमला घासतात. पाय काढला की दाब ओसरतो व स्प्रिंगा शूंना परत ओढून घेतात. हॅण्डब्रेक याच शूंना केबल व लिव्हरच्या साहाय्याने फाकवतो.

म्हणजे ब्रेक सुटण्यासाठी तीन गोष्टी घडायला हव्यात. केबल सैल झाली पाहिजे, ऑईलचा दाब ओसरला पाहिजे आणि शू मोकळेपणी मागे आले पाहिजेत. या तीनपैकी कोणती गोष्ट घडत नाही, एवढे शोधले की निदान झाले.

लक्षणे

गाडी ओढत नाही, डिझेल जास्त लागते, न्यूट्रलमध्ये सोडली तर लगेच थांबते, चाकातून जळका वास येतो, एका चाकाची डिस्क दुसऱ्यापेक्षा फार तापते. ही तपासणी करण्यासाठी सपाट रस्त्यावर ब्रेक कमी वापरत आठ-दहा किलोमीटर गाडी चालवा. थांबल्यावर हाताची मागची बाजू प्रत्येक चाकाजवळ न्या. डिस्कला वा ड्रमला हात लावू नका, भाजेल. तापलेल्या ड्रमवर पाणीही ओतू नका, तडा जाण्याची भीती असते.

एकच मागचे चाक तापत असेल तर दोष बहुधा त्या चाकात किंवा त्याच्या केबलमध्ये असतो. दोन्ही मागची चाके तापत असतील तर हॅण्डब्रेक किंवा मागच्या धुरीकडे जाणारी रबरी नळी तपासावी. चारही चाके धरत असतील तर मास्टर सिलिंडर वा पेडलकडे पाहावे.

तीन तपासण्या

गाडी सपाट, कठीण जमिनीवर उभी करा. पुढच्या चाकांना दोन्ही बाजूंनी दगड किंवा लाकडी ठोकळे लावा. मागची बाजू जॅकने उचलून धुरीखाली लोखंडी घोड्या लावा. नुसत्या जॅकवर उभ्या असलेल्या गाडीखाली कोणीही जाऊ नये. गिअर न्यूट्रलमध्ये घेऊन हॅण्डब्रेक सोडा व चाक हाताने फिरवा. डिफरन्शियलमुळे थोडा जडपणा राहतो, तो दोष नव्हे. घासल्याचा आवाज किंवा एका जागी अडकणे हा दोष.

पहिली तपासणी केबलची. गाडीखाली हॅण्डब्रेकच्या केबलचा नट सैल करा. चाक लगेच मोकळे झाले तर केबल आत गंजली आहे किंवा जास्त ताणलेली आहे.

दुसरी तपासणी दाबाची. चाक तरीही जड असेल तर सोबत्याला पेडल दाबून सोडायला सांगा. नंतर त्या चाकामागील निपलला पारदर्शक नळी लावून तिचे दुसरे टोक बाटलीत सोडा व निपल अर्धा फेरा उघडा. ऑईल जोराने बाहेर आले आणि चाक सुटले, तर दाब वरच अडकला आहे. आता निपल बंद करून पुन्हा पेडल दाबून सोडावे आणि मास्टर सिलिंडरजवळील नळीचा जोड किंचित सैल करावा. चाक सुटले तर दोष मास्टर सिलिंडरचा वा पेडलच्या फ्री प्लेचा. सुटले नाही तर रबरी नळी आतून फुगून बंद झालेली असते. बाहेरून ती चांगली दिसते, म्हणूनच फसवते. हे काम जाणत्या मिस्त्रीकडून करवून घ्यावे. जोड व निपल उघडल्यावर ब्रेकमधील हवा काढणे आवश्यक असते.

तिसरी तपासणी ड्रमच्या आतील. वरील दोन्हींनी चाक सुटले नाही, तरच ड्रम उघडा.

ड्रम उघडल्यावर

ड्रम निघत नसेल तर आधी ॲडजस्टर आत घ्या. ड्रमला आट्यांची भोके असतील तर त्यांत बोल्ट समान फिरवून ड्रम बाहेर काढा. एका वेळी एकच बाजू खोला, म्हणजे स्प्रिंगा कशा बसवायच्या हे दुसऱ्या बाजूवरून कळते. ड्रम काढलेला असताना पेडल दाबू नका, पिस्टन बाहेर पडतील. आतील धूळ फुंकू नका किंवा हवेच्या दाबाने उडवू नका. जुन्या लायनरमध्ये ॲस्बेस्टॉस असू शकते व ते फुफ्फुसांना घातक आहे. ओल्या फडक्याने धूळ पुसून घ्या.

आत पुढील गोष्टी पाहा :

१) व्हील सिलिंडरची रबरी टोपी उचला. आत ओल असेल तर सिलिंडर गळतो. पिस्टन गंजून अडकला असेल व सिलिंडरच्या आतील भिंतीला खड्डे पडले असतील, तर नुसते रबर बदलून भागत नाही. सिलिंडरच बदलावा.

२) स्प्रिंगा ताणलेल्या, निळसर पडलेल्या वा गंजलेल्या असतील तर दोन्ही चाकांच्या एकदमच बदलाव्यात.

३) शू ज्या पत्र्यावर सरकतात त्याच्या उंचवट्यांवर खाचा पडल्या असतील तर शू तेथे अडकतात. उंचवटे तारेच्या ब्रशने स्वच्छ करून उष्णता सहन करणारे ग्रीस अगदी बोटाच्या टोकाएवढे लावावे. लायनरला ग्रीस लागता कामा नये.

४) हॅण्डब्रेकचा आतील लिव्हर व ॲडजस्टरचे आटे हाताने हलले पाहिजेत. डावा व उजवा ॲडजस्टर आपसांत बदलू नका. अनेक गाड्यांत त्यांचे आटे उलट असतात.

५) ऑईल वा ग्रीसने भिजलेले लायनर धुऊन वापरू नका. लायनर नेहमी दोन्ही चाकांचे बदलावेत. ड्रमवर कमाल व्यासाचा आकडा कोरलेला असतो. ड्रम त्याहून अधिक झिजला असेल तर तो टाकून द्यावा.

जोडणी झाल्यावर लायनर किंचित घासेपर्यंत ॲडजस्टर फिरवा, मग चाक मोकळे होईल एवढाच मागे घ्या. पेडल चार-पाच वेळा दाबून पुन्हा तपासा. पायाचा ब्रेक जुळल्यानंतरच हॅण्डब्रेकची केबल जुळवा. हा क्रम उलटा केला की चाक पुन्हा धरते. शेवटी रिकामी गाडी मोकळ्या जागी हळू चालवून ब्रेक पाहा, त्यानंतरच माल भरा.

ब्रेक ऑईलची काळजी

ब्रेक ऑईल हवेतील ओलावा शोषते. त्यामुळे आत गंज चढतो आणि ऑईल लवकर उकळते. डॉट ३ प्रकारच्या नव्या ऑईलचा उत्कलनबिंदू किमान २०५ अंश सेल्सिअस असावा लागतो. ओलावा शोषल्यावरचे प्रमाण किमान १४० अंशांवर येते. घाटात ऑईल उकळून त्याची वाफ झाली की पेडल एकदम खाली जाते. म्हणून गाडीच्या पुस्तिकेत सांगितलेल्या मुदतीत ऑईल बदलावे व सीलबंद डब्यातीलच वापरावे.

ब्रेकच्या टाकीत इंजिन ऑईल किंवा हायड्रॉलिक ऑईल कधीही घालू नका. त्याने रबर फुगते, मास्टर सिलिंडरमधील ऑईल परतीचे बारीक भोक झाकले जाते आणि चारही चाके धरून बसतात. मग सर्व रबरी भाग बदलण्यावाचून इलाज राहत नाही. रबरी भाग पेट्रोल वा डिझेलनेही धुऊ नयेत.

शेतकऱ्याच्या गाडीला हा रोग जास्त का?

आपण त्याच गाडीतून खते आणतो. पोते फाटते, युरिया व पोटॅश सांडते. म्युरेट ऑफ पोटॅशमध्ये क्लोराईड असते व ओलाव्यात ते लोखंड झपाट्याने गंजवते. शेणखताचा ओला थर धुरीवर चिकटून राहतो. त्यात पावसाळ्यात गाडी चिखलातून आणून, धुऊन, हॅण्डब्रेक ओढून चार-चार दिवस उभी ठेवली जाते. माझ्या भावाच्या केबलचे असेच झाले होते.

म्हणून खत उतरवल्यावर गाडी खालूनही स्वच्छ पाण्याने धुवावी. धुतल्यावर थोडे अंतर हळू चालवत हलके ब्रेक मारावेत, म्हणजे लायनर सुकतात. गाडी काही दिवस उभी राहणार असेल तर ती सपाट जागेवर गिअरमध्ये ठेवून चाकांना ठोकळे लावावेत व हॅण्डब्रेक मोकळा ठेवावा. उतारावर मात्र हॅण्डब्रेक, गिअर आणि ठोकळे तिन्ही हवेत. सकाळी चाक चिकटलेले आढळले तर एक्सिलरेटर दाबून ओढू नका. गाडी हलकेच मागे-पुढे करून पाहा.

मित्रहो, शेवटी एकच सांगतो. धरणारा ब्रेक सैल करून गाडी पळवणे किंवा मागची नळी बंद करून टाकणे ही दुरुस्ती नव्हे. रिकाम्या गाडीत ते कळत नाही. माल भरून घाट उतरताना कळते, आणि तेव्हा उशीर झालेला असतो. गॅरेजमध्ये गेल्यावर "ब्रेक सैल करून द्या" असे म्हणू नका. "केबल, दाब की ड्रम, कशामुळे धरतो ते आधी दाखवा" असे म्हणा. त्या तपासणीला तास-दीड तास लागेल, पण घरचा माणूस निर्धास्तपणे घाट उतरेल.