भामचंद्राच्या पायथ्याशी

चाकणच्या औद्योगिक वसाहतीत पहिल्या पाळीला निघालेल्या कामगाराच्या दृष्टीस जो भामचंद्र डोंगर पडतो, त्याच्याच गुहेत, १६३०च्या सुमारास पडलेल्या भीषण दुष्काळात व्यापार बुडालेला आणि पत्नी अन्नावाचून गेल्याने खचलेला देहूचा एक तरुण वाणी एकांतासाठी येऊन बसला, असे परंपरा सांगते. वडिलोपार्जित सावकारीची आपल्या वाट्याची कर्जखते त्याने इंद्रायणीत बुडविली, ही आख्यायिका तर सर्वश्रुतच आहे. परंतु तिच्याहून मला अधिक मोलाचा वाटतो तो या वाण्याने, म्हणजे संत तुकोबांनी, आपल्या आत्मचरित्रपर अभंगांत स्वतःचाच मांडलेला रोखठोक हिशेब. आरंभी आपले चित्त अभ्यासात नव्हते, म्हणून पूर्वीच्या संतांची वचने आदराने पाठ केली, आणि पुढे कोणी गात असता त्याच्या मागे उभे राहून धृपद धरले, अशी कबुली त्यांनी निःसंकोचपणे दिली आहे. (चरित्रकार असल्या गोष्टी बहुधा झाकून ठेवतात!) प्रतिभेच्या देणगीची बढाई त्या कबुलीत नाही, आहे ती पाठांतराची आणि साथ करण्याची चिकाटी. तुकोबांसारखाच थोडा एकांत मिळावा म्हणून सुटीच्या एखाद्या दिवशी मोबाइल घरी ठेवून भामचंद्राचा हा डोंगर आपणही अवश्य चढावा.