परदेशी विद्यापीठाची वाट गावातूनच सुरू होते

(लोणार तालुक्यातील सुलतानपूर येथे शिक्षक व पंचायत सदस्यांपुढे केलेले भाषण)



लोणारचे सरोवर पाहावयास देशोदेशींचे अभ्यासक या तालुक्यात येतात. भाषा परकी असली तरी गावकरी त्यांना वाट दाखवितात. आता या परिसरातील मुलामुलींनी परक्या विद्यापीठनगरीत पाऊल टाकण्याचे दिवस आले आहेत. राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्तीतून अनुसूचित जातीच्या व नवबौद्ध विद्यार्थ्यांना शिक्षणशुल्क, निर्वाहभत्ता व विमानभाडे मिळू शकते. परंतु प्रवेश मिळणे निराळे आणि तेथे स्थिरावणे निराळे.

पहिली तयारी गावातच व्हावयास हवी. जन्मनोंद, शाळेचा दाखला, गुणपत्रिका आणि पारपत्र यांवर नाव व जन्मतारीख एकसारखी असावी. महाराष्ट्रात गुणपत्रिकेवर आडनाव प्रथम लिहितात. पारपत्रावर ते स्वतंत्र रकान्यात असते. इंग्रजी नावातील एका अक्षराच्या फरकानेही काम अडते. अशा दुरुस्तीचा आरंभ शाळेतून आणि ग्रामपंचायतीतूनच होतो. म्हणून ती दहावीच्या वर्षीच तपासावी. विमानाचे तिकीट काढल्यावर नव्हे.

दुसरा प्रश्न निवाऱ्याचा. आरंभी विद्यापीठाच्या वसतिगृहात जागा मिळविणे श्रेयस्कर. खोली न पाहता, लेखी करार न करता कोणासही अनामत रक्कम पाठवू नये. स्वस्त भाड्याच्या मोहाने फसवणूक होते, आणि कुटुंबाने कर्ज काढून उभे केलेले पैसे जातात.

तिसरी गोष्ट नोंदणीची. जर्मनीत नव्या घरात राहावयास गेल्यापासून २ आठवड्यांच्या आत नगर कार्यालयात पत्ता नोंदवावा लागतो. ब्रिटनमध्ये स्थानिक डॉक्टरांकडे आजारी पडण्यापूर्वीच नाव नोंदविणे हिताचे. कामाच्या मर्यादाही पाळाव्यात. ब्रिटनमध्ये पदवी अभ्यासक्रमाच्या विद्यार्थ्यास सत्रकाळात सामान्यतः आठवड्यास २० तासच काम करता येते. मर्यादा ओलांडल्यास शिक्षणच धोक्यात येते. त्यामुळे नोकरी करून शुल्क भरू, हा हिशेब मांडून कोणीही घर सोडू नये.

सर्वांत महत्त्वाची बाब प्रकृतीची. १८८३ मध्ये अमेरिकेस गेलेल्या आनंदीबाई जोशी यांना रोझेल येथील कार्पेंटर कुटुंबाने घरच्या मुलीप्रमाणे सांभाळले. तथापि फिलाडेल्फियातील कडाक्याची थंडी आणि आहाराची आबाळ यांमुळे मुळातच नाजूक असलेली त्यांची प्रकृती ढासळली. १८८६ मध्ये वैद्यकीय पदवी घेऊन त्या परतल्या आणि १८८७ च्या फेब्रुवारीत त्यांचे निधन झाले. तेथील हिवाळ्यात दिवस लहान असतो, मन उदास होते. विद्यार्थ्याने उबदार कपड्यांवर काटकसर करू नये; भाकरी, वरण, भाजी रांधावयास मुलग्यांनीही निघण्यापूर्वी शिकावे; मन खचल्यास विद्यापीठातील समुपदेशकाकडे निःसंकोच जावे.

घरच्यांचेही कर्तव्य आहेच. हिवाळ्यात येथे रात्रीचे ९ वाजतात तेव्हा ब्रिटनमध्ये दुपारचे साडेतीन झालेले असतात. ही वेळ ध्यानी घेऊन दूरध्वनी करावा. केवळ गुणांची चौकशी न करता जेवणाखाणाचीही करावी. शाळांनी परदेशी गेलेल्या माजी विद्यार्थ्यांशी संपर्क ठेवावा. पुढे जाणाऱ्यास मागून आलेल्याचा हात धरता आला, तर सुलतानपूरसारख्या गावातील मुलास परके नगर फार काळ परके राहणार नाही.