सागाचा गाभा आणि सुताराचा शब्द
(ज्ञातिमंडळाच्या वार्षिक संमेलनातील भाषण)



साग हा लाकडांचा राजा, असे आपण वाडवडिलांपासून ऐकत आलो. परंतु सागाच्या ओंडक्यातील सारेच लाकूड त्या मानास पात्र नसते, एवढेच आम्हांस आज आपणांपुढे मांडावयाचे आहे.

ओंडका आडवा कापला म्हणजे दोन भाग स्पष्ट दिसतात: बाहेरचा फिकट, पांढुरका भाग आणि आतील सोनेरी-तपकिरी गाभा. गाभ्यात तेलकट द्रव्ये मुरलेली असल्यामुळे वाळवी व बुरशी यांना तो सहसा दाद देत नाही. पांढऱ्या भागास हे संरक्षण नाही. त्यास कीड लागते. सागाचा दुसरा गुण असा की, नीट वाळविलेला साग हवेतील ओलाव्याने फारसा फुगत वा आकसत नाही. म्हणूनच दारे-खिडक्यांना तो विशेष मानवतो. वजनही बेताचेच, वाळलेला साग घनमीटरास सुमारे ६५० किलो भरतो.

त्याचे दोषही जाणले पाहिजेत. त्यातील वाळूसारख्या कणांमुळे रंध्याची धार लवकर बोथट होते. तेलकटपणामुळे सरस नीट धरत नाही. यास्तव ताज्या रंधलेल्या अंगावरच सांधा चिकटवावा. बारीक भुसा श्वासास व कातडीस बाधतो, म्हणून नाकातोंडावर फडके बांधावे.

मुंबईच्या गोदीत वाडिया घराण्याच्या देखरेखीखाली बांधलेले 'ट्रिंकोमाली' हे सागवानी लढाऊ जहाज १८१७ साली पाण्यात उतरले. इंग्लंडातील हार्टलपूल येथे ते आजही तरंगत आहे. जाणत्या हातांनी घडविलेला साग किती टिकतो, याची ही साक्ष होय.

आज बाजारात लवकर तोडलेला लागवडीचा सागही पुष्कळ येतो. कोवळ्या झाडात गाभा थोडा, पांढरा भाग अधिक. त्यावर गडद रंग चढविला की दोन्ही सारखेच भासतात. गिऱ्हाइकास फरक कळत नाही. सुतारास मात्र कळतो. म्हणून आमची विनंती अशी: जेथे ओल पोहोचते, तेथे गाभाच घालावा. पांढरा भाग वापरावा लागलाच, तर कीडनाशक लावावे, गिऱ्हाइकास तसे सांगावे आणि दामही त्याप्रमाणेच घ्यावेत.

ज्या घरांतून आता रंधा-पटाशी गेली, त्यांनीही काम करवून घेताना पॉलिशपूर्वीच लाकूड पाहावे. फळीची टोके व पाठीमागची बाजू पाहिल्यास बरेच उमगते.

चौकट किडली तर दोष लाकडाच्या वखारीस नव्हे, सुतारास लागतो. आणि एका सुताराचा दोष साऱ्या ज्ञातीच्या माथी येतो. तो येऊ न देणे आपल्याच हाती आहे.